गाजरगवताची बखर



इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया, तह आणि सनदा आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. गवतालाही इतिहास असतो असे कोणी म्हटले, तर पुष्कळांना ती थट्टा वाटेल. परंतु ज्या एका तणाची हकीकत आज सांगावयाची आहे, त्याने गेल्या सत्तर वर्षांत या देशात जेवढा मुलूख काबीज केला, तेवढा अटकेपार घोडी नेणाऱ्या आपल्या पूर्वजांनाही करता आला नाही. काश्मीरपासून केरळापर्यंत असा प्रांत उरला नाही की जेथे त्याचे ठाणे बसलेले नाही. रस्त्याची कड, रेल्वेचा भराव, शाळेचे पटांगण, घर बांधायचे म्हणून घेऊन ठेवलेली आणि वर्षानुवर्षे तशीच पडून असलेली जागा, गावाबाहेरचा उकिरडा, गुरांचे माळरान, जेथे म्हणून माती उघडी पडते तेथे एका पावसात ते उगवते आणि कमरेएवढे होते. पाने गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली, शेंड्याशी पांढऱ्या बारीक फुलांचे झुबके. आपण त्याला गाजरगवत म्हणतो. वस्तुतः ते गाजरही नव्हे आणि गवतही नव्हे. सूर्यफूल आणि शेवंती ज्या कुळातली, त्या कुळातली ही वनस्पती. १७५३ साली लिनियस या स्वीडिश पंडिताने तिला पार्थेनियम हिस्टेरोफोरस असे शास्त्रीय नाव दिले. तिचे माहेर मेक्सिकोच्या आखाताभोवतालच्या अमेरिकी प्रदेशात आहे.

लोकांनी तिला तीन नावे दिली. पानांवरून गाजरगवत, फुलांवरून चटकचांदणी, आणि तिसरे, सर्वांत गाजलेले, काँग्रेसगवत. या तिसऱ्या नावाची व्युत्पत्ती दोन प्रकारांनी सांगतात. कोणी म्हणतात, फुलांचे झुबके दुरून पांढऱ्या टोप्यांच्या सभेसारखे दिसतात, म्हणून हे नाव पडले. दुसरे म्हणतात, काँग्रेसच्या राजवटीत अमेरिकेहून जो पी. एल. ४८० चा गहू आला, त्याच्या पोत्यांतून हे बी आले, म्हणून हे नाव. ही दुसरी हकीकत आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकली आहे. ती शाळेत सांगितली जाते, वर्तमानपत्रांत छापली जाते, एस.टी.च्या प्रवासात शेजारचा गृहस्थ ती ऐकवतो. तिच्यात एक परका सावकार आहे, एक गरजू देश आहे, आणि दानाच्या पोत्यात लपून आलेला शत्रू आहे. कथा इतकी रेखीव आहे की ती खरी आहे किंवा काय, हे पाहण्याची कोणाला गरजच वाटत नाही.

मराठी माणसाला बखर आणि अस्सल कागद यांतला फरक समजावून सांगण्याचे कारण नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून, वाळवीच्या तोंडातून रुमाल सोडवून, हा धडा आपल्याला घालून दिला आहे. बखर रसाळ असते, परंतु ती घटनेनंतर पुष्कळ काळाने, ऐकीव माहितीवर लिहिलेली असते. तिच्यातली तारीख तपासायची तर त्या वेळचाच कागद हाती लागावा लागतो. मग प्रश्न असा, की गवताचा अस्सल कागद कोठे शोधायचा?

तो असतो, आणि त्याचा दप्तरखानाही असतो. वनस्पतिशास्त्रज्ञ रानात जाऊन एखादे झाड किंवा फांदी फुलाफळांसकट आणतात, ती दाबून वाळवतात आणि जाड कागदावर चिकटवून खाली चिठ्ठी लावतात. चिठ्ठीवर चार गोष्टी असतात : वनस्पतीचे नाव, मिळाल्याचे ठिकाण, दिवस आणि गोळा करणाऱ्याची सही. कलकत्ता, डेहराडून, कोइमतूर, पुणे येथे असे लक्षावधी कागद कपाटांतून जपून ठेवलेले आहेत. पेशवे दप्तरातल्या रुमालाइतकीच या चिठ्ठीची किंमत आहे. ती कोणाची बाजू घेत नाही; अमुक दिवशी अमुक जागी ही वनस्पती उभी होती, एवढेच ती सांगते.

आता या दप्तरातले कागद आपण एकेक करून उलगडू.

पहिला कागद १९५६ सालचा. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आर. शेषगिरी राव यांचे एक टिपण छापले गेले. मथळ्याचा अर्थ एवढाच, की पार्थेनियम, भारतासाठी नवी नोंद. आजवर या देशाच्या वनस्पतींच्या सूचीत जी आढळली नव्हती, ती वनस्पती पुण्यात १९५५ साली वाढलेली दिसली, असा त्याचा आशय. त्याच्याही मागे, १९५१ साली, पुण्यातल्या कचऱ्याच्या ढिगांवर तिची तुरळक रोपे प्रा. परांजपे यांच्या दृष्टीस पडली होती, अशीही नोंद शास्त्रीय वाङ्मयात आहे.

दुसरा कागद अमेरिकेचा. पी. एल. ४८० म्हणजे अमेरिकेचा ४८० क्रमांकाचा सार्वजनिक कायदा. त्यावर अध्यक्ष आयसेनहॉवर यांची सही झाली १० जुलै १९५४ रोजी. त्या कायद्याखाली भारताशी पहिला करार झाला २९ ऑगस्ट १९५६ रोजी. म्हणजे ज्या गव्हावर आपण आरोप ठेवला, त्याचा करार होण्यापूर्वीच आरोपी वनस्पती पुण्यात नांदत होती. बखरीचा पाया येथेच खचतो.

परंतु एवढ्यावर निकाल देणेही उतावीळपणाचे होईल. त्याआधी १९५१ साली, अन्नटंचाईच्या काळात, अमेरिकेने भारताला गव्हासाठी एकोणीस कोटी डॉलरांचे कर्ज दिले होते आणि त्यातून सुमारे वीस लाख टन धान्य यावयाचे होते. शिवाय १९५६ नंतर जी जहाजे वर्षानुवर्षे येत राहिली, त्यांच्यातून हे बी पुन्हा पुन्हा येऊन पडणे अगदी शक्य कोटीतले आहे. ऑस्ट्रेलियात असेच घडले. तेथे १९६० साली क्वीन्सलँडमधल्या क्लेरमाँटजवळ हे तण आले ते टेक्ससहून मागविलेल्या चाऱ्याच्या बियाण्यातून. तेव्हा गहू अगदी निर्दोष सुटत नाही. मात्र तो पहिला आणि एकटा गुन्हेगार नव्हे, हे सिद्ध होते.

तिसरा कागद याहूनही मागे नेतो. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत या वनस्पतीचा एक वाळवलेला नमुना आहे आणि त्यावर साल आहे १८८०, गोळा करणारे डीट्रिख ब्रँडिस, म्हणजे हिंदुस्थानच्या जंगलखात्याचे पहिले प्रमुख. आणि चौथा कागद त्याच्याही आधीचा : कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातल्या झाडांची जी यादी विल्यम रॉक्सबर्ग यांच्या नावावर १८१४ साली छापली गेली, तिच्यात हे नाव आहे. १८१४ साली मराठ्यांचे राज्य अजून बुडायचे होते. दुसरे बाजीराव शनिवारवाड्यात होते आणि गाजरगवत कलकत्त्याच्या बागेत होते! अर्थात बागेतले ते रोप म्हणजेच पुण्याच्या उकिरड्यावरच्या रोपाचे पणजोबा, असे कोणी समजू नये. तसा वंशवृक्ष जोडून देणारा कागद दप्तरात नाही. परंतु ही वनस्पती या देशाच्या मातीला १९५६ पूर्वी ठाऊकच नव्हती, असे यापुढे कोणाला म्हणता येणार नाही.

कोणी विचारील, बी केव्हा आले याची एवढी चिकित्सा कशाला? तण ते तण. याचे उत्तर असे, की शत्रू कसा आला याविषयीची आपली समजूत चुकली, म्हणजे तो का टिकला याविषयीचीही चुकते. बी येणे ही अर्धीच गोष्ट आहे; त्याला जागा मिळणे ही उरलेली अर्धी. वनस्पतींचा एकमेकींशी आणि जमिनीशी जो व्यवहार चालतो, त्याच्या शास्त्राला परिस्थितिविज्ञान म्हणतात, आणि त्या शास्त्राचा पहिला धडा हाच आहे.

परकेपणा हा काही स्वतः गुन्हा नव्हे. आपल्या जेवणातली मिरची अमेरिकेची, बटाटा अमेरिकेचा, सासवडकडचे सीताफळ अमेरिकेचे, उपवासाचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोही अमेरिकेचाच. त्यांनी कधी कोणाचे शेत बळकावले नाही. माणसाने लावावे तेव्हा ती उगवतात. गाजरगवताची रीत निराळी. एका जोमदार झाडाला पंधरा ते पंचवीस हजारांपर्यंत बिया धरतात. बी इतके बारीक, की वाऱ्याबरोबर, पाटाच्या पाण्याबरोबर, बैलाच्या खुराबरोबर, ट्रकच्या चाकाच्या चिखलाबरोबर ते कोठेही जाते. ओल असेल तर महिना-दीड महिन्यात रोप फुलावर येते, आणि एका वर्षात तीन-चार पिढ्या होऊन जातात. कोवळेपणी त्याची पाने जमिनीवर चटईसारखी पसरतात आणि शेजारच्या रोपाला ऊनच लागू देत नाहीत. त्याच्या अंगात पार्थेनिन नावाचे कडू द्रव्य आहे. ते मातीत उतरले म्हणजे इतरांचे बी रुजायला अडथळा होतो. गुरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत. लावलेच तर दुधाला कडवटपणा येतो. मूळ देशात त्याला खाणारे किडे आहेत, रोग आहेत. येथे येताना तो सारा वैरी-परिवार मागे राहिला.

आणि तरीसुद्धा, दाट गवताच्या कुरणात हे तण सहज शिरत नाही. जेथे जमीन आधीच सोलवटलेली आहे, अतिचराईने उघडी पडली आहे, खणून, भराव घालून, सोडून दिलेली आहे, तेथेच त्याचे फावते. पुण्यात ते प्रथम दिसले ते कचऱ्याच्या ढिगावर, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. बियांचे पोते कोणत्या जहाजातून उतरले याची चर्चा आपण सत्तर वर्षे केली. परंतु ज्या उकिरड्याने त्यांना आसरा दिला तो आपला होता. चोर सोडून संन्याशाला सूळ म्हणावे, तर येथे संन्याशीही सर्वस्वी निरपराध नाही. मात्र चोराला दार उघडे ठेवणारे घरचेच होते, हे बखर सांगत नाही.

या तणाआधी एक तण येऊन गेले, त्याचीही गोष्ट येथे सांगितली पाहिजे, कारण ती आपण साफ विसरलो आहो. फड्या निवडुंगही अमेरिकेचा. इंग्रजांना किरमिजी रंगाच्या व्यापारात स्पेनची मक्तेदारी मोडायची होती. तो रंग निवडुंगावर पोसणाऱ्या एका किड्यापासून मिळे. १७९५ साली ब्राझीलमधून ते किडे कलकत्त्यास आणण्यात आले. आणले तेव्हा हाच तो खरा किरमिजी किडा अशी समजूत होती. निघाला भलताच, हलक्या रंगाचा. कंपनीचा व्यापार बुडाला. परंतु त्या किड्याने निवडुंगाची एक जात खाऊन फस्त केली. १८३६ ते १८३८ या काळात तो दक्षिण हिंदुस्थानात नेण्यात आला, तेथेही त्याने तेच केले. उरली दुसरी एक जात, शेताच्या बांधांवर माजलेली. तिच्यासाठी १९२६ साली सिलोनहून दुसऱ्या जातीचा किडा आणला गेला आणि दक्षिणेकडे हजारो एकर जमीन मोकळी झाली. तणाला त्याचाच नैसर्गिक वैरी शोधून आणावा, या युक्तीचा जगातला अगदी पहिला मोठा दाखला हिंदुस्थानातला आहे, आणि तोही एका फसलेल्या व्यापारातून जन्मलेला.

ऑस्ट्रेलियात निवडुंगाने १९२५ पर्यंत सुमारे सहा कोटी एकर जमीन व्यापली होती. तेथे अर्जेंटिनाहून एक पतंग आणला. त्याच्या अळ्यांनी ती जमीन काही वर्षांत मोकळी केली. तेव्हा क्वीन्सलँडमधल्या बुनार्गा गावच्या लोकांनी १९३६ साली त्या पतंगाच्या नावाने गावाचे सभागृह बांधले. आपल्याकडे त्या किड्याच्या नावाने दालन सोडाच, एक परिच्छेददेखील शालेय पुस्तकात नाही. याचे कारण कृतघ्नता म्हणता येणार नाही. त्या शेतकऱ्यांना कोणीतरी त्यांच्या भाषेत सांगितले होते. आपल्या शेतकऱ्याला कोणी सांगितलेच नाही. सांगितले असते तर आपणही त्या किड्याची पूजा बांधली असती. नागपंचमीला नागाला दूध दाखवणारे लोक आपण!

येथे मी आजच्या विषयाच्या गाभ्याशी येतो. शेषगिरी रावांचे ते टिपण तीन पानांचे होते, आणि इंग्रजीत होते. १९६८ साली वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्रातल्या पिकांना आणि कुरणांना या तणापासून असलेल्या धोक्याचा इशारा दिला, तोही इंग्रजी नियतकालिकात. पुढे शेतमजुरांच्या मानेवर, चेहऱ्यावर, कोपराच्या वळणात चट्टे उठू लागले, कातडी जाड होऊन फुटू लागली. हा त्रास या तणाच्या स्पर्शाने आणि धुळीने होतो, हे दाखविणारा लोणकर, मिचेल आणि कॅलनन या डॉक्टरांचा निबंध १९७४ साली छापला गेला, तो लंडनला, सेंट जॉन्स रुग्णालयाच्या त्वचारोग मंडळाच्या वृत्तांतात. या तिन्ही लेखकांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. शास्त्रज्ञाने आपले काम शास्त्रज्ञांपुढे ठेवलेच पाहिजे आणि त्यांनी ते चोख ठेवले. परंतु विचार करा : जी बाई उघड्या हातांनी हे तण उपटीत होती, तिच्या कातडीची हकीकत लंडनला पोचली आणि तिच्या घरी पोचली नाही. तिच्यापर्यंत पोचली ती पी. एल. ४८० ची गोष्ट. शास्त्राने जी जागा मोकळी सोडली, तेथे अफवा उगवली. मोकळ्या जमिनीचा जो न्याय गवताला, तोच येथेही लागू पडला.

सर्वत्र असेच घडते असे नाही. ऑक्सफर्डचे प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांनी परक्या प्राणी-वनस्पतींच्या आक्रमणाचा विषय १९५७ साली बीबीसीच्या नभोवाणीवरून तीन भाषणांत साध्या श्रोत्यांपुढे मांडला. त्या भाषणांतूनच १९५८ साली त्यांचा ग्रंथ तयार झाला, आणि आज या शास्त्राचा तो आद्यग्रंथ मानला जातो. लोकांसाठी बोलल्याने शास्त्र पातळ होते, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. येथे उलट झाले. चारचौघांना समजेल असे सांगण्याच्या खटाटोपात विखुरलेले दाखले एका सूत्रात आले आणि नवे शास्त्र उभे राहिले.

मराठीला ही वाट अपरिचित होती असेही नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. ‘सृष्टिज्ञान’ मासिक १९२८ साली निघाले, मराठी विज्ञान परिषद १९६६ साली स्थापन झाली. म्हणजे ज्या शहरात हे तण प्रथम नोंदले गेले, त्या शहरात व्यासपीठ होते, मासिक होते, वाचक होते, ऐकणारे होते. वेळेवर लिहिणारा आणि तण ओळखणारा, हे दोघे मात्र एका टेबलाशी बसले नाहीत. १९५६ साली ‘ही नवी वनस्पती दिसली तर फुलण्यापूर्वी उपटा’ एवढी दोन ओळींची चौकट शहरातल्या दैनिकांत महिनाभर आली असती, तर कदाचित तुरळक रोपे तुरळकच राहिली असती. कर्नाटक सरकारने या तणाला कायद्याने उपद्रवी ठरविले ते १९७५ साली, मुलूख हातचा गेल्यावर. बैल गेला आणि झोपा केला!

लिहिण्याने नुकसान कसे टळते, याचाही एक दाखला आहे. १९८३ साली बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी मेक्सिकोहून गाजरगवत खाणारा एक भुंगेरा आणला आणि १९८४ साली तो सोडला. पावसाळ्यात तो पाने फस्त करतो, उन्हाळ्यात मातीत निजून राहतो. पुढे काही वर्षांनी तो सूर्यफुलाच्या पानांवर दिसला, आणि शेतकऱ्यांत घबराट उडाली की हा आता पीक खाणार. सूर्यफूल आणि गाजरगवत एकाच कुळातले, तेव्हा शंका अगदीच खुळी नव्हती. तपास झाला, आणि असे आढळले की शेजारच्या गाजरगवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर पडले होते, त्या चवीने भुंगेरा तेथे गेला होता. म्हणजे उपाय भुंगेरे मारण्याचा नव्हता, शेताभोवतालचे गाजरगवत काढण्याचा होता. ही गोष्ट ज्या शेतकऱ्याला कळली त्याने भुंगेरे वाचवले. ज्याला कळली नाही त्याने आपल्या मित्रावरच औषध फवारले.

आता व्यवहाराचे चार शब्द. हे तण फुलण्यापूर्वी, पाऊस पडून माती मऊ झाल्यावर, मुळासकट उपटावे. हातांत मोजे असावेत, निदान जाड फडके असावे, आणि ज्यांना अंगावर चट्टे उठतात त्यांनी या कामाला जाऊच नये. फुलण्यापूर्वी उपटलेल्याचे खत होते. फुललेल्याचे केले तर खताबरोबर बी शेतात जाते. मोकळ्या झालेल्या जागेत लगेच काहीतरी लावावे. टाकळ्याच्या जातीची रोपे त्याला दाबून टाकतात, झेंडूही उपयोगी पडतो, आणि माळ असेल तर चराई आवरून देशी गवत येऊ द्यावे. जबलपूरच्या तणसंशोधन संस्थेच्या पुढाकाराने ऑगस्टच्या १६ ते २२ तारखांना देशभर जागृतीचा सप्ताह पाळतात. आपल्या शाळांनी, गणेशोत्सव मंडळांनी त्या आठवड्यात एक मैदान साफ केले तरी पुष्कळ झाले.

आणि शेवटचे सांगणे वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना. रोज नवी वनस्पती बंदरात, विमानतळावर, रोपवाटिकेत उतरते आहे. तलावांतून जलपर्णी आहे, कोकणात रानमोडी आहे, डोंगरउतारावर घाणेरी आहे, आणि यानंतरचे तण बहुधा आजच कोठल्या तरी उकिरड्यावर दोन पानांवर उभे असेल. ज्याला ते प्रथम ओळखता येईल, त्याने आपला तीन पानांचा निबंध जरूर इंग्रजीत लिहावा. परंतु त्याच रात्री, दिवा मालवण्यापूर्वी, एक पान मराठीतही लिहावे. तारीख, ठिकाण, ओळखण्याची खूण आणि करावयाचे काम, एवढेच त्यात असावे. नाहीतर त्या तणाचेही नाव लोक ठेवतील, त्याचीही बखर तयार होईल, आणि त्याच्याशी झुंजायला पुन्हा एकदा उघड्या हातांनी तीच बाई उभी असेल.